शेतात राबणाऱ्यांनीही हृदय तपासायला हवं : कोकणातल्या शेतकरी कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

"माका काय होतला? दिवसभर शेतात राबतंय." सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत बीपी तपासायचा विषय काढला की हे उत्तर येतं. रत्नागिरी-रायगडात बोली बदलते, उत्तर तेच. त्यात तथ्य नाही असं नाही. चालणारं, वाकणारं, ओझं उचलणारं शरीर हृदयाला चांगलंच. पण वाढलेला बीपी, तंबाखू, ताटातलं मीठ आणि दवाखान्यात जायला होणारा उशीर, या चौघांपुढे एकटे कष्ट पुरे पडत नाहीत.

याला मोठ्या अभ्यासाचा आधार आहे. 'प्युअर' नावाच्या १७ देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शहरातल्या लोकांत धोक्याची कारणं जास्त होती, गावातल्या लोकांत कमी. तरीही हृदयविकाराचे झटके आणि त्यातून होणारे मृत्यू गावांकडेच जास्त दिसले. गरीब देशांत हा फरक ठळक होता, आणि भारत त्याच गटात होता. म्हणजे गावचं राहणीमान आपल्याला जे देतं, ते वेळेवर निदान आणि उपचार न झाल्यामुळे हातचं जातं. शिवाय २००४ च्या 'इंटरहार्ट' अभ्यासातून असंही दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, साधारण पन्नाशीच्या पुढेमागे. घरातला कर्ता माणूस तेव्हा ऐन कामात असतो.

म्हणून हा लेख वाचून बाजूला ठेवू नका. एकेक गोष्ट करत पुढे जा. पावसाळ्याआधी, मे महिन्यात सुरुवात केलीत तर उत्तम.

आधी कामाचा हिशेब

कोकणातले कष्ट वर्षभर सारखे नसतात. जून-जुलैत चिखलणी आणि लावणी, ऑक्टोबरात कापणी-झोडणी, त्यानंतर गवत काढणं. ज्यांची बागायत नाही त्यांचं काम थंडीनंतर ओसरतं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळण्यासाठी, कवळ तोडणं, पातेरा गोळा करणं एवढंच उरतं, आणि तेही आता बऱ्याच घरांतून सुटत चाललंय. बागायतदाराचं उलटं: मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि पावसात महिनोन्महिने घरी. त्यात पॉवर टिलर आला, ग्रास कटर आला, बाजाराला जायला दुचाकी आली. वडिलांनी केले तेवढे कष्ट आज पन्नाशीतला माणूस करत नाही, पण जेवण मात्र वडिलांच्याच मापाने चालू असतं.

यातला खरा धोका म्हणजे अनेक महिने बसून काढल्यावर एकाच दिवशी अंगावर पडणारं काम. सवय मोडलेल्या माणसाने एकदम जोराचे कष्ट घेतले की त्या काही तासांत झटक्याची शक्यता वाढते, हे वैद्यकशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. तेव्हा मृगाच्या आधी निदान चार आठवडे रोज अर्धा तास भरभर चाला. घाम येईल, पण बोलता येईल, इतका वेग ठेवा. सड्यावर जा, नदीपर्यंत जाऊन या, कुठेही. हे चालणं पावसाळ्यानंतरही सोडू नका. पहिल्या पावसात पहिल्याच दिवशी आख्खा कुणगा (भाताचं खाचर) चिखलायचा हट्ट नको; दोन-तीन दिवसांत विभागून करा.

चालताना किंवा चढ चढताना छातीत दडपण येतं आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जातं, असं होत असेल तर चालण्याचा सराव बंद आणि आधी डॉक्टर. "वय झालं, दम लागतो" म्हणून सोडून देऊ नका. गेल्या वर्षी सहज चढत होता ती पाखाडी यंदा दोनदा थांबून चढावी लागते, हीसुद्धा तक्रारच आहे.

बीपी मोजणं, आणि नीट मोजणं

बीपी वाढलेला माणूस ठणठणीत दिसतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काहीच होत नाही. त्यामुळे तो मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजताना होणाऱ्या चुका इतक्या आहेत की इथे थोडं थांबायलाच हवं.

समजा, आशाताई यंत्र घेऊन अंगणात आली. काका नुकतेच गवताचा भारा टाकून बसलेत, तोंडात तंबाखूचा बार, पाय जोत्यावरून खाली लोंबकळताहेत. सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, हात खाली सोडलेला, आणि काका शेजारच्याशी गव्यांनी किती भात तुडवलं ते सांगताहेत. यंत्राने वरचा आकडा दाखवला १६८. काका घाबरले, नाहीतर "तुझं यंत्र बिघडलंय" म्हणून उठून गेले. खरं तर दोन्हीची गरज नाही. पुन्हा मोजायचं, पण असं:

पाच मिनिटं शांत बसा, पाठीला टेका द्या, पाय जमिनीवर टेकवा, पायावर पाय नको. त्याआधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, विडी काही नको आणि लघवी तुंबलेली नको. बाही वर करून उघड्या दंडावर पट्टा बांधा. हात टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर, छातीच्या उंचीला टेकवा. मोजताना बोलू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. काकांचा आकडा आता १४६ वर येईल. पण १४६ सुद्धा जास्तच.

१२०/८० च्या खाली असेल तर छान. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्यावर राहत असेल तर तो उच्च रक्तदाब, आणि त्यावर उपचार लागतात. मधल्या पट्ट्यात असाल तर मीठ, वजन, तंबाखू यांवर आत्ताच हात घाला आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात किंवा हातापायात बदल असेल तर त्याच क्षणी रुग्णालय.

घरी यंत्र घेणार असाल तर दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या; मनगटावरच्या यंत्राचा आकडा हात थोडा वरखाली झाला तरी बदलतो. वाडीत तीन-चार घरांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. मुंबईला असलेल्या मुलामुलींना एक आग्रहाची विनंती: गणपतीला गावी येताना आईबाबांसाठी हे यंत्र आणा. सणाच्या गडबडीतून एक सकाळ काढा आणि दोघांचाही बीपी वर सांगितल्याप्रमाणे स्वतः मोजा. आईचाही. "मला काही होत नाही" म्हणणारी आईच सहसा मोजायची राहून जाते.

रक्ताचे अहवाल आणि कमरेचा दोरा

तिशीनंतर प्रत्येकाची बीपी आणि मधुमेहासाठी तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा वर असेल तर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.५ किंवा जास्त आली तरी तोच अर्थ. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. बीपी आणि साखर मूत्रपिंडही खातात.

पोटाचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपने मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचा ८० च्या वर असेल तर धोका वाढलेला समजा, मग हातपाय कितीही काटक असोत. कोकणात बारीक हातापायाची आणि पुढे आलेल्या पोटाची माणसं पुष्कळ दिसतात, आणि वजनकाट्यावर ती नेमकी सुटून जातात.

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला पुरुष असून पंचावन्नच्या आत किंवा बाई असून पासष्टच्या आत झटका आला असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना सांगा.

गोळी सुरू झाली की

२०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. त्या उपक्रमाने साधी गोष्ट ठसवली: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, गावाजवळ मोफत, आणि दर महिन्याला मोजणी. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नावं तुमच्या चिठ्ठीवर दिसतील. त्या जुन्या, स्वस्त आणि खात्रीच्या गोळ्या आहेत. महागड्या गोळीची वाट बघत थांबू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा पुढच्या टप्प्यात होतो. महिनाभर गोळी घेतली, बीपी १२८ आला, "बरं झालं" म्हणून गोळी बंद. बीपी उतरलाय तो गोळीमुळे. गोळी थांबली की काही दिवसांत तो पुन्हा चढतो, आणि लक्षण नसल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. गोळीची सवय लागते ही समजूतही सोडा. लावणीच्या दिवसांत सकाळी सहाला घर सुटतं आणि गोळी राहून जाते; तेव्हा ती दात घासण्याच्या जागी ठेवा किंवा डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणाशी जोडा. महिन्याच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा, कारण जुलैत ओढ्याला पूर आला की आरोग्य केंद्राचा रस्ताच बंद होतो.

पायाला सूज आली, सतत खोकला लागला, उठताना अंधारी आली तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मार्च-एप्रिलच्या उन्हात, बागेत दिवसभर घाम गाळताना अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर येऊ शकते. हंगाम सुरू होण्याआधी एकदा डोस विचारून घ्या.

मीठ : कोकणच्या स्वयंपाकघरातली खरी लढाई

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. त्यात सगळं आलं: आमटीतलं, भाकरीतलं, लोणच्यातलं.

आता पावसाळ्यातलं आपलं जेवण बघा. मासेमारी बंद, भाजी महाग, म्हणून उन्हाळ्यात भरून ठेवलेलं सगळं बाहेर निघतं. खारा बांगडा, सुकट, सोडे, मिठातले आंबे, सांडगी मिरची, पापड, लोणचं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. ही चव आपल्या अंगात मुरलेली आहे आणि ती कायमची सोडा असं मी म्हणणार नाही. पण नेमक्या कष्टाच्या दिवसांत, बीपी असलेल्या माणसाच्या पोटात दिवसाचं मीठ सकाळी नऊलाच जातं, हे ध्यानात घ्या.

खारा मासा करायचाच असेल तर तुकडे करून अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजत टाका. ते पाणी फेकून द्या, पुन्हा धुवा, पुन्हा फेका. मग कालवणात घाला आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. बीपी असेल तर आठवड्यातून एखाद्या वेळेलाच. जवळा, सुकट न खारवता नुसती वाळवलेली मिळाली तर ती घ्या. विकत घेताना जिभेवर ठेवून बघा, कळतं.

सोलकढीकडेही लक्ष हवं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून टिकवलेला रस. त्यातून केलेल्या कढीत आपण पुन्हा चवीचं मीठ टाकतो. बीपीवाल्यांसाठी मिठाशिवाय वाळवलेली सोलं भिजवून कढी करा; घरच्या कोकमांची सोलं करताना एक बरणी बिनमिठाची वेगळी ठेवली की वर्षाची सोय होते. पेजेत मीठ घालू नका. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढायची पद्धत बंद करा. एकट्या बीपीवाल्यासाठी वेगळं अळणी शिजवणं फार दिवस चालत नाही. सगळ्या घराचंच मीठ दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा. दोन-तीन आठवड्यांत जीभ जुळवून घेते.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

बाकीचं ताट

इथे कोकण नशीबवान आहे. बांगडा आणि तारली, म्हणजे पेडवे, हे स्वस्त मासे हृदयाला चांगले. आठवड्यातून दोनदा, पण कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, चवळी, वाल, पावसातल्या टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या, हे सगळं परत ताटात येऊ द्या. भात दोन वेळा डोंगरासारखा वाढला जातो, तो एका वेळेला निम्मा करून जागा भाजी-कडधान्याला द्या.

नारळाबद्दल फार वाद होतात. माझं मत सरळ आहे: ओल्या खोबऱ्यातलं आणि खोबरेल तेलातलं फॅट हे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या जातीचं आहे, म्हणून ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय किंवा झटका येऊन गेलाय त्यांनी वाटपाचं प्रमाण उतरवावं. चार माणसांच्या आमटीला आख्ख्या नारळाचं वाटण लागत नाही. निरोगी माणसाने भाजीवर मूठभर खोबरं भुरभुरल्याने काही बिघडत नाही. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि बेकरीची बटरं-खारी हे नारळापेक्षा मोठे शत्रू आहेत.

हापूसच्या दिवसांत मधुमेही बागायतदाराला आंबा खाऊ नका सांगणं व्यर्थ. अर्धा आंबा, जेवणावर नव्हे तर मधल्या वेळी, आणि त्या दिवशी भात कमी. रस मात्र नको.

तंबाखू, विडी आणि मिसरी

मिसरीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण तिला कुणी व्यसनच समजत नाही. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू सकाळी दातांना लावायची, मग दुपारी जेवल्यावर, मग रात्री. तीन-चार वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं. बाईला डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?" तर ती "नाही" म्हणते, आणि ते तिच्या परीने खरंच असतं. पण निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. दवाखान्यात "मिसरी लावते" असं स्वतःहून सांगा. आशाताईंनीही प्रश्न त्याच शब्दात विचारावा.

सोडताना आधी दिवस ठरवा. ठरल्या दिवसापर्यंत मधल्या वेळा एकेक करून बंद करा, सकाळची शेवटी. त्या जागी ब्रश हातात घ्या आणि घरातला मिसरीचा डबा रिकामा करून टाका, जपून ठेवू नका. पहिले दोन आठवडे चिडचिड, पोट साफ न होणं, डोकं जड होणं हे चालायचंच; नंतर ओसरतं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, समुपदेशक फोनवर मदत करतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने सोडली तर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. इतका फायदा देणारी दुसरी कुठलीच गोष्ट या लेखात नाही.

धुराचं तसंच. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी न्हाणीघराच्या चुलीवर, आणि ती पेटवायची घरातल्या बाईने. लाकडाचा धूर फुप्फुसांइतकाच हृदयालाही बाधतो. चूल उघड्यावर घ्या, ओली लाकडं वापरू नका, जमलं तर सौरबंब बसवा. भाजावळीच्या दिवशी हृदयाचा किंवा दम्याचा रुग्ण वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा.

अंगदुखीच्या गोळ्या आणि फवारणी

लावणीत कंबर धरते. मेडिकलमधून दोन गोळ्या आणल्या, बरं वाटलं, मग रोजच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक यांसारख्या दुखणं मारणाऱ्या गोळ्या अंगात पाणी-मीठ धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या गोळ्यांचा गुण कमी करतात आणि हृदयविकार असलेल्याला झटक्याच्या दिशेने ढकलतात. बीपी, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर या गोळ्या परस्पर घेऊ नका. पॅरासिटॅमॉल, शेक, एक दिवस विश्रांती यावर भागवा. "रामबाण" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्याने साखर आणि बीपी दोन्ही चढतात.

मोहोर ते फळ या काळात आंब्यावर फवारण्या होतात. त्यांतली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं अंगात गेली तर घाम, लाळ, बारीक बाहुल्या, उलटी, धाप आणि मंदावलेली नाडी दिसते. हे झटक्यासारखं वाटू शकतं. रुग्णालयात नेताना औषधाची बाटली सोबत न्या. पावसात ताप आणि मागोमाग धाप लागली तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) विचार व्हायला हवा. तोही हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो.

झटका आला तर : आधीच ठरवून ठेवायचं

दुपारी बागेत आंबे काढायची घळ हातात असलेला माणूस खाली बसतो. "पित्त झालाहा, जरा पडतंय." कपाळावर गार घाम. कुणीतरी सोडा आणतं, कुणी आमसुलाचं पाणी. तासाभराने घरी नेतात, रात्री दुखणं वाढतं, मग गाडीची शोधाशोध. कोकणात माणसं अशी हातची गेलेली आहेत, आणि यातला जवळजवळ सगळा उशीर टाळता येतो.

छातीच्या मधोमध दडपण, आवळल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं दुखणं. ते डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणं. गार घाम, धाप, मळमळ. पंधरा मिनिटांत हे थांबलं नाही, किंवा सोबत घाम असेल, तर ते पित्त नाही असंच धरून चाला. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत दुखतच नाही असं होऊ शकतं. नुसती धाप, अचानक आलेला विलक्षण थकवा, उलटी. पित्त निघालं तर एक फेरी फुकट जाईल, एवढंच.

तेव्हा काय करायचं:

काम थांबवा, टेकून बसवा. एक पाऊलही चालू देऊ नका. घर दरीत आणि रस्ता वर असेल तर खुर्चीत बसवून चौघांनी उचला. पाखाडी चढायला लावणं म्हणजे झटका मोठा करणं. दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका.

१०८ ला फोन करा. रेंज कुठे मिळते ती जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. वाडीचं नाव, जवळची शाळा किंवा देऊळ, गाडी कुठपर्यंत येते हे सांगा, आणि एकाला रस्त्यावर उभं करा. रुग्णवाहिका लांब आहे असं कळलं तर थांबू नका, वाडीतली रिक्षा किंवा गाडी काढा आणि वाटेत भेटायचं ठरवा.

अॅस्पिरिनची ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. अॅस्पिरिनची अॅलर्जी, चालू रक्तस्राव, किंवा तोंड वाकडं होणं-हात लुळा पडणं अशी लक्षणं असतील तर देऊ नका. शक्य असेल तर १०८ च्या डॉक्टरला फोनवरच विचारा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी त्याच माणसाला लिहून दिलेली असेल तरच; बीपी पडलेला असेल तर ती घात करते.

शुद्ध गेली, श्वास नाही किंवा नुसते आचके, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाबत राहा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत, आळीपाळीने. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका. हे वाचून जमत नाही. आरोग्य केंद्राला सांगून वाडीत एकदा शिकवणी घ्या.

आता कुठे न्यायचं, हा प्रश्न आजच सोडवा. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा: रात्री ईसीजी निघतो का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे का आणि देतात का? अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याचा उपचार, कुठे होते आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? मोठ्या झटक्यात अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल तर जिथे इंजेक्शन मिळतं तिथे ते आधी घ्यायचं आणि मग पुढे जायचं. हे इंजेक्शन दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत देता येतं, पण खरा उपयोग पहिल्या तीन तासांत. जवळचं रुग्णालय ओलांडून थेट कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय गाठायची घाई कधीकधी महागात पडते.

मार्गही दोन ठरवा. चिपळूणहून कऱ्हाडला कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा घाट, कणकवलीकडून फोंडा किंवा करूळ, सावंतवाडीहून आंबोली. पावसात दरड आली की घाट बंद, तेव्हा खाली जिल्ह्यातच काय मिळतं हे माहीत हवं. हे सगळं एका कागदावर लिहा: फोन क्रमांक, गाडीवाल्याचं नाव, रुग्णालय, चालू गोळ्या, अॅलर्जी. जुना ईसीजी त्याच पिशवीत ठेवा. नव्या ईसीजीशी ताडून बघायला डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

पैसा

महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, आणि अँजिओप्लास्टी त्यात येते. पण फक्त योजनेतल्या रुग्णालयांत. शिधापत्रिकेवरची आणि आधारवरची नावं जुळतात का ते आत्ता बघा, आयुष्मान कार्ड काढून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, गाठा. गोव्यात जाणार असाल तर तिथे योजना कशी लागू होते हे आधीच विचारून ठेवा.

घरी परतल्यावर

स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा वर्षभर आणि त्यातली एक कायम लागते. कोलेस्टेरॉलची गोळी अहवाल चांगला आला तरी चालूच. दात काढायचा असेल, कुणी वैदू "गरम पडतात, बंद करा" म्हणाला असेल, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका. स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे.

शेतात परत कधी जायचं हे हृदयाचं पंपिंग किती उरलंय यावर ठरतं, म्हणून इको तपासणीचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल समजावून घ्या. पंपिंग चांगलं असेल तर पहिल्या आठवड्यात अंगणात, मग सपाटीवर रोज थोडं वाढवत चालणं, आणि साधारण महिन्या-दीड महिन्याने डॉक्टरांच्या संमतीने हलकी कामं: शिंपण, निवडणं, पेट्या भरणं. नांगर, टिलर, पन्नास किलोची पोती, माडावर किंवा आंब्यावर चढणं हे ताणाची चाचणी झाल्याशिवाय नको. झाडावर चढणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना पडलं तर डोक्यातला रक्तस्राव लवकर थांबत नाही. ते काम गडी लावून करून घ्या. आणि वरच्या डोंगरातल्या कलमांत एकटं राखणीला जायचं असेल तर सोबत माणूस न्या, खिशात फोन आणि अॅस्पिरिनची गोळी ठेवा, आणि परत किती वाजता येणार ते घरी सांगून निघा.